गावाचं विरजण

"अंतर म्हंजे काय वं सायेब?" शशिकला घरतने कमरेवर हात ठेवून विचारलं. "आमी काय चालत गेलो त्यांच्या दारात? टाकी होती तिथंच हाय. बिल्डिंगी आल्या चालत आमच्या अंगावर!"

समोर सत्यजीत उभा होता. नव्या प्लांटचा इंजिनियर, वय तिशीच्या आतलं, डोक्यावर पिवळं हेल्मेट, बोलणं मऊ. बिचाऱ्याने नुसती मान डोलावली, कारण बाईचं काही खोटं नव्हतं. पनवेलहून करंजाड्याकडे जाताना नदीच्या काठाला बायकांच्या संस्थेचा हा ओल्या कचऱ्याचा गॅस प्लांट उभा राहिला, तेव्हा आजूबाजूला भातखाचरं होती, बगळे होते आणि दिवस मावळला की कोल्हेकुई. आता चारी बाजूंनी टॉवर. सातव्या मजल्यावरची एक बाई कपडे वाळत घालताना खाली टाकीकडे बघून नाक मुरडायची आणि शशिकला खालून तिच्याकडे बघून. दोघींची ओळख काय ती एवढीच, पण रोजची.

नियम मात्र नियमच. जैविक कचऱ्याचा प्लांट घरांपासून ठरलेल्या अंतरावर हवा, शेड बंद हवी, आतली हवा नारळाच्या सोडणांच्या जाड थरातून गाळून मगच बाहेर सोडायला हवी. उघड्या टाकीला यापुढे परवानगी नाही. डोंगराच्या पायथ्याशी नवा, मोठा, बंदिस्त प्लांट तयार झाला होता आणि पनवेल, करंजाडे, उलवे, कळंबोली, सगळीकडचा ओला कचरा आता तिकडेच जाणार होता. शशिकलाला हे सगळं कळत होतं. खरं सांगायचं तर पटतही होतं. पावसाळ्यात टाकीला जो वास मारायचा, तो काही अत्तराचा नव्हता. फक्त हे ती सत्यजीतला मरेपर्यंत सांगणार नव्हती.

"बंद करायची ना? मग कर. इथं काय बघायला आलास?"

"बघायला नाही, मागायला आलोय, ताई," सत्यजीत म्हणाला. "नव्या टाकीला विरजण हवंय."

शशिकलाचे हात कमरेवरून खाली आले. त्याने समजावून सांगितलं. नुसता कचरा भरला म्हणून नवी टाकी चालू होत नाही. ज्या जंतूंमुळे गॅस तयार होतो ते आधी आत सोडावे लागतात आणि ते मिळतात चालू टाकीतल्या रबडीतून, म्हणजे त्या काळपट पातळ काल्यातून. त्याने आसपासच्या सगळ्या टाक्यांचे नमुने तपासले होते. "तुमच्याइतकी धडधाकट रबडी कुठेच मिळाली नाही. तुम्ही दिलीत तर तीच नेऊ. नाहीतर मैलापाण्याच्या प्लांटवरून आणावी लागेल."

"आणि आमची? आमच्या रबडीचं काय?"

"टाकी पाडायच्या आधी उपसून टाकावी लागेल."

शशिकला मटकन कट्ट्यावर बसली. "ताहिरा," तिने आत हाक मारली, "इकडं ये गं. आपली रबडी मागतायत."

ताहिरा म्हणजे बद्रुद्दीन बेकरीवाल्याची बायको. शशिकलाची लग्न होऊन आल्यापासूनची मैत्रीण आणि संस्था जिच्या शहाणपणावर चालायची ती हीच. आरडाओरडा करायला शशिकला होती. टाकीचा गॅस जायचा तो भिंतीपलीकडे बद्रुद्दीनच्याच भट्टीत. ताहिरा पदराला हात पुसत बाहेर आली, सगळं ऐकून घेतलं आणि मैत्रिणीच्या शेजारी बसली. दोघी टाकीकडे बघत राहिल्या. सत्यजीतला वाटलं, आपण काहीतरी वावगं बोललो. त्याला काय माहीत, त्याने काय मागितलं होतं ते!

नदीपलीकडे उंबरखार नावाचं गाव होतं. होतं म्हणायचं. आता तिथे विमानतळाची जमीन आहे, सपाट. आधी गुरं विकली गेली, मग घरं पाडली, मग विहीर बुजवली. घरतांना करंजाड्यात प्लॉट मिळाला, कुणी उलव्याला गेलं, कुणी कळंबोलीत लोखंड बाजाराच्या मागे खोली घेतली. ज्या आळीत एका घरची फोडणी दहा घरांना शिंकवायची, ती माणसं आता लग्नाच्या हॉलमध्ये भेटतात आणि "ये की एकदा घरी" म्हणून पांगतात.

पण टाकी बांधली तेव्हा गाव जागच्या जागी होतं. तेव्हाच्या इंजिनियरने सांगितलं, सुरुवातीला शेण लागेल, भरपूर. शशिकलाच्या सासूने, कृष्णाबाईने, गावात दवंडी दिल्यासारखी हाळी दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उंबरखारच्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन नदी उतरून आल्या. काय ती मिरवणूक! कपिलेचं शेण, मोरीचं शेण, पाटलाच्या चांदीचं शेण. "तुज्या गायीचं पातळ हाय, बाजूला ठेव," अशी चिडवाचिडवी. ताहिराच्या सासूने म्हशीच्या शेणाची पाटी बिस्मिल्ला म्हणून टाकीत रिकामी केली, कृष्णाबाईने टाकीच्या काठाला हळदकुंकू लावलं. मग सगळं गाव वाट बघत बसलं. पुढे एके दिवशी टाकीवरची लोखंडी टोपी गॅसने फुगून हळूहळू वर आली आणि शेगडीवर निळी ज्योत धरली. पहिला चहा केला तर प्यायला कुणी पुढे येईना. शेवटी कृष्णाबाईने बशी तोंडाला लावली आणि जाहीर केलं, "चायच हाय. शेन नाय लागत." हसून हसून बायकांची मुरकुंडी वळली.

तेव्हापासून ती टाकी कधी रिकामी झाली नाही. रोज नवीन घालायचं, तेवढंच जुनं बाहेर यायचं, आणि नव्यात जुनं मुरत राहायचं. गोठे गेले, गुरं गेली, पाट्या आणणाऱ्यांतल्या निम्म्या बायका गेल्या, कृष्णाबाई तर केव्हाच गेली. पण त्या सकाळचं जे काही जिवंत होतं ते टाकीत बुडबुडत होतं. उंबरखारचं जितंजागतं असं एवढंच उरलं होतं. म्हणून तर शशिकला सकाळी आल्या आल्या टोपीवर दोन थापट्या मारून विचारायची, "काय गं, बरी हायस ना?"

"देऊ या," ताहिरा शेवटी म्हणाली. "उपसून फेकण्यापेक्षा बरं. कुठंतरी नांदेल."

शशिकलाने डोळे पुसले आणि सत्यजीतकडे वळली. "देते. पन नीट ने. सांडत जाऊ नको रस्त्यानं."

सत्यजीत हसला. टँकर सोमवारी येईल म्हणाला. त्याआधी पुन्हा एकदा नमुना तपासणार होता. जाता जाता बजावून गेला, "सोमवारपर्यंत टाकीत नेहमीच्या कचऱ्याशिवाय काहीही टाकू नका. काहीही म्हणजे काहीही."

"नाय टाकत," शशिकला म्हणाली. आणि तिने शब्द पाळलाही. टाकीत तिने काही टाकलं नाही.

झालं ते वेगळंच. शनिवारी संस्थेच्या सगळ्या बायका जमल्या. सोमवारी नव्या प्लांटचे मोठे साहेब येणार, टँकर येणार, टाकीचा शेवटचा दिवस. शशिकलाने अंगणाकडे नजर टाकली आणि तिच्या अंगात सासू संचारली. "लेक सासरी निघालीय आणि दारात ही कळा? पोरींनो, घासा!" मग काय विचारता! खराटे निघाले, बादल्या निघाल्या. कचरा वेगळा करायचा ओटा घासला, फरशी घासली, भिंती पुरुषभर उंचीपर्यंत घासल्या. गुणाबाईने घरून काळ्या फिनाईलचा कॅन आणला. दुसरीने, तिच्याकडून कमी नको म्हणून, आणखी एक आणला. ताहिराने बेकरीतला आणला. फिनाईल ओतलं की पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं आणि सगळीकडे इस्पितळासारखा स्वच्छ वास. संध्याकाळी बायका दाराशी उभ्या राहून आपलंच अंगण कौतुकाने न्याहाळत होत्या. सातव्या मजल्यावरच्या बाईनेही त्या दिवशी नाक मुरडलं नाही.

आता ते पाणी गेलं कुठे? इथेच तर सगळी गंमत आहे, म्हणजे रडायची गंमत. मागच्या तपासणीत सांगितलं होतं की धुण्याचं पाणी नदीत सोडायचं नाही, उत्तम पद्धत म्हणजे ते प्लांटमध्येच जिरवायचं. बायकांनी इमानेइतबारे गटार वळवून टाकीत घेतलं होतं. फिनाईलचा प्रत्येक थेंब त्याच गटाराने टाकीत उतरला.

रविवारी सकाळी बद्रुद्दीन भिंतीवरून डोकावला. "शशीभाभी, भट्टी का रुसलीय आज? ज्योत वरच येत नाही."

शशिकला धावत टाकीकडे गेली. टोपी खाली बसली होती. थापटी मारली तर आवाज भदभद. झाकण बाजूला करून वास घेतला तर आंबूस, नासल्या ताकासारखा, आणि त्यात मिसळलेलं फिनाईल. तिने गटाराकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, आणि तिथेच कपाळावर हात मारून घेतला.

मग जी भांडणं झाली ती करंजाड्याच्या टॉवरांनी गॅलरीत उभं राहून ऐकली. दुसरा कॅन कोणी आणला? तिसरा कोणी? ओतायला कोणी सांगितलं? शेवटचा प्रश्न आला तशी सगळी बायकामंडळी शशिकलाकडे बघायला लागली. शशिकला गप्प झाली. तिला तसं गप्प कुणी कधी पाहिलं नव्हतं.

तिनेच सत्यजीतला फोन केला. लपवाछपवी तिच्या रक्तातच नव्हती. "बाला, आमी मारली रं तिला," एवढंच म्हणाली आणि हुंदका आला.

तो तासाभरात आला. नमुना काढला, कागदी पट्टी बुडवली, पट्टीचा रंग बघून त्याचा चेहरा उतरला. रागावला असता तर बरं, पण तो रागावला नाही. "फिनाईल जंतू मारायलाच असतं, ताई. आणि आपण टाकीत जंतूच पाळतो." त्याने उपाय सांगितले. कचरा घालणं एकदम बंद. चुन्याची निवळी थोडी थोडी घाला, आंबटपणा उतरेल. आणि दुसऱ्या चालू टाकीची ताजी रबडी आणून मिसळा. "टँकर मी पंधरा दिवस थांबवून धरतो. त्यापुढे माझ्या हातात नाही. नमुना सुधारला नाही तर मैलापाण्याच्या प्लांटवरची रबडी घ्यावी लागेल."

"दुसऱ्या टाकीची कनची? बाहेरची?" शशिकला कळवळली. "मग तिच्यात आमचं काय उरलं?"

सत्यजीतने चुन्याचं प्रमाण पुन्हा एकदा सांगितलं. तिचं दुःख त्याला कळणार कसं? तो शिकलेला होता, चांगला होता, पण उंबरखारात त्याने कधी चहा प्यायला नव्हता.

तो गेल्यावर दोघी मैत्रिणी कट्ट्यावर बसल्या. शशिकलाच्या डोळ्याला खळ नव्हता. "सगलं गेलं तेवा मी येक शब्द बोलले नाय. घर पाडलं, बोलले नाय. म्हटलं, टाकी हाय. आणि हे मी माज्या हातानं केलं गं. माज्या हातानं."

ताहिरा तिची पाठ थोपटत राहिली. मग एकदम थांबली. "शशी, घरचं दही बिघडलं, तर तू काय करतेस?"

"काय करायचं? फेकते."

"आणि मग?"

"शेजारनीकडं जाते. तिला माजंच विरजन दिलेलं असतं ना..." शशिकला बोलता बोलता थबकली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

आपल्या टाकीची रबडी आपण कुणाकुणाला दिली होती? आठवायला लागल्या. एक हायवेवरचा हॉटेलवाला घेऊन गेला होता, त्याचं हॉटेल रस्ता रुंद करताना गेलं. एक आश्रमशाळा, तिची टाकी केव्हाच फुटली. आणि मंगळी! कातकरी वाडीची मंगळी. सात-आठ वर्षं टाकीवर कामाला होती. मग वाडीत कुणीतरी छोट्या टाक्या बांधून दिल्या तेव्हा नोकरी सोडून निघाली आणि जाताना म्हणाली होती, "बाय, थोडं विरजन दे." रबडीचे दोन ड्रम टेम्पोत घालून स्वतः त्यांना मिठी मारून बसली होती, हिसक्याने सांडू नये म्हणून.

"तिची टाकी असेल चालू?"

"अल्लाला ठाऊक. चल तर खरी," ताहिरा म्हणाली.

बद्रुद्दीनने बेकरीचा टेम्पो काढला. भट्टी तशीही थंडच होती. मागे निळे ड्रम, पुढे दोघी बायका आणि मांडीवर खारीची मोठी पिशवी, कारण मोकळ्या हाताने जायची दोघींनाही सवय नव्हती. माळडुंग्याच्या पुढे रस्ता चुकला, एक चाक पंक्चर झालं, आणि डोंगराखालच्या वाडीत टेम्पो पोचला तेव्हा घराघरातून दिवे लागले होते.

मंगळी दारातच भेटली. केस पांढरे झालेले, बाकी तश्शीच, हसली की डोळे मिटायचे. शशिकलाने तिला पोटाशी धरलं आणि बसायच्या आधीच विचारलं, "मंगले, टाकी हाय का गं चालू?"

मंगळीने नुसतं चुलीकडे बोट दाखवलं. भाताचं पातेलं चढलं होतं आणि खाली निळी ज्योत. "वाडीतल्या बाकीच्या बंद पडल्या. लोकांनी गुरं इकली, सिलिंडर आनलं. मी गाय इकू दिली नाय मालकाला. म्हटलं, ही उंबरखारची हाय. हिला उपाशी नाय मारायची."

शशिकला चुलीसमोर बसली आणि ज्योतीकडे बघत राहिली. मग घडलेलं सगळं सांगितलं, फिनाईलच्या कॅनांसकट. मंगळी हसली नाही, हे तिचं मोठेपण. "दे गं दोन ड्रम," शशिकला म्हणाली. "आताच्या आता भरून घेतो."

मंगळीने मान हलवली. "नाय."

"नाय? का गं?"

"दिवे लागलं. दिवेलागनीनंतर विरजन दुसऱ्याच्या घरात देत नाय. लक्षुमी जाते. तूच सांगितलंवतं मना."

"अगं, ते दुधाच्या विरजनाला, बये!"

"मंग हे कशाचं हाय?"

शशिकलाने तोंड उघडलं आणि मिटलं. ताहिरा पदरात तोंड खुपसून हसत होती. बद्रुद्दीनने हताश होऊन टेम्पोची किल्ली खिशात टाकली. त्या रात्री तिघं वाडीतच राहिली. मंगळीने नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं, आणि मग ज्या गप्पा निघाल्या त्या थांबेनात. कोणाच्या पाटीत किती शेण, पहिला चहा कोणी प्यायला, कोण कोणाच्या लग्नात रुसलं, कृष्णाबाई कशी शिव्या द्यायची. शशिकलाने सासूची नक्कल अशी केली की मंगळीच्या नवऱ्याला ठसका लागला. कित्येक वर्षांत ती इतकी हसली नव्हती. गावातली माणसं एका चुलीपाशी बसल्याला किती दिवस झाले होते, कुणास ठाऊक.

सकाळी उजाडताच मंगळीने स्वतःच्या हाताने ड्रम भरून दिले. गाईच्या ताज्या शेणाची पाटीही वर ठेवली. "हिला वाटेत भूक लागंल."

पुढचे दिवस शशिकलाने टाकीची बाळंतिणीसारखी उस्तवार केली. मंगळीची रबडी थोडी थोडी मिसळायची, चुन्याची निवळी घालायची, बांबूने हलवायचं आणि कचऱ्याच्या कणालाही आत जाऊ द्यायचं नाही. कडकडीत थंडी नव्हती, पण पहाटे गारवा असायचा म्हणून तिने टोपीवर पोती पांघरली. सत्यजीत एक दिवसाआड यायचा. तो काय म्हणेल तसं ती ऐकायची, उलट उत्तर न देता. बायकांना वाटलं, हिलाच काहीतरी झालंय. आंबूस वास हळूहळू ओसरला. तरी टोपी हलेना. शशिकला जेवेनाशी झाली. ताहिराने दटावलं तर म्हणाली, "ती जेवत नाय, मी कशी जेऊ?"

आणि मग एका दुपारी भिंतीपलीकडून बद्रुद्दीनचा आवाज आला, "धरली! शशीभाभी, धरली!" भट्टीत निळी ज्योत उभी होती. इकडे टोपी वीतभर वर आली होती आणि पोती घसरून पडली होती. शशिकलाने दोन्ही हातांनी टोपी थापटली. रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. मुदत संपायच्या आत सत्यजीतने नमुना काढला, पट्टी बुडवली, पुन्हा बुडवली, मग हेल्मेट काढून म्हणाला, "पास, ताई."

"येकदा परत बग. उगाच माज्यासाठी नको."

"तुमच्यासाठी नाहीच. टाकीसाठी."

टँकर आला. बायकांनी टँकरला हार घातला. फिनाईलचं नाव कुणी काढलं नाही. शशिकला आणि ताहिरा सत्यजीतच्या गाडीतून मागोमाग नव्या प्लांटवर गेल्या.

प्लांट कसला, कारखानाच. उंच बंद शेड, आपोआप मिटणारी दारं, बाहेर सोडणांनी भरलेला हौद, त्यातून आतली हवा गाळून निघायची. शशिकलाने नाक वर करून चारी दिशांना वास घेतला. वास नव्हता. कसलाच नव्हता. तिला जरा रागच आला. टाकीही थोरली, पण झाकलेली. आत काय चाललंय ते पडद्यावरच्या आकड्यांवरून कळायचं. टँकरची नळी टाकीच्या नळीला जोडली, पंप घुरघुरला आणि थांबला.

"झालं?" शशिकलाने विचारलं.

"झालं."

एवढंच? ना पाटी, ना हळदकुंकू, ना रबडी पडल्याचा आवाज. इतकी वर्षं सांभाळलेलं असं मुकाट्याने एका पाइपात शिरलं आणि दिसेनासं झालं. तिला एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटलं. "सत्यजीत, येक खरं सांग," ती म्हणाली. "आत गेली ती आमची राहील ना रं?"

सत्यजीत खोटं बोलू शकला असता. बोलला नाही. "सुरुवातीला राहील, ताई. मग इथला कचरा खाऊन हळूहळू बदलत जाईल. जे खायला मिळतं त्याच्यासारखे जंतू होतात. वर्षाने ओळखू येणार नाही."

शशिकलाने मान हलवली. ताहिराने तिचा हात धरला आणि दोघी बाहेर निघाल्या. जाताना वाटेत ती काचेची भिंत लागली, जिच्या पलीकडे कचऱ्याच्या गाड्या रित्या होतात. एक गाडी मागे येत होती. दारावर रंगवलेलं होतं, उलवे. तिच्यामागे कळंबोली उभी होती आणि तिच्यामागे करंजाडे.

उलव्याच्या गाडीने ओला कचरा खाली ओतला. शशिकला सवयीने बघायला थांबली. कचरा दिसला की तो चाळायची सवय तिच्या डोळ्यांना होती. कोलंबीची सालं. शेवग्याच्या शेंगांचा चोथा. उरलेल्या जवळ्याचे गोळे. आणि तांदळाच्या भाकरीच्या कडा, त्यांच्यावर थापणारीच्या बोटांचे ठसे अजून उठून दिसत होते. उंबरखारात भाकरी अशीच थापायचे, कडेला तीन बोटं दाबून. मागून कळंबोलीची गाडी रिती झाली, त्यातही तीच तीन बोटं. करंजाड्याच्या गाडीतही. आत शिरताना सगळं एकमेकांत मिसळत होतं आणि पट्ट्यावरून टाकीकडे चाललं होतं.

शशिकलाने काचेला कपाळ टेकलं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ती पुसतही नव्हती.

"बग तरी, ताहिरा," ती म्हणाली. "जेवले गं सगले."